दुसरीच्या दाराचा पत्ता

होळी झाली की आमच्या गोंदियात गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. तांदळाचे पापड, कुरड्या, मूगवड्या, शेवया. प्रत्येक घराचं काही ना काही वैशिष्ट्य. तांदूळ म्हणजे तर आमच्या जिल्ह्याचा जीव. पूर्वी हे वाळवण घरापुरतं, फार तर लेकीच्या सासरी डबा पाठवण्यापुरतं असायचं. आता कितीतरी जणी ते विकतात. कुणी ओळखीपाळखीत, कुणी व्हॉट्सॲपवर, आणि कुणी चक्क स्वतःची वेबसाइट काढून!

आमच्या थोरल्या जाऊबाई या तिसऱ्या प्रकारातल्या. म्हणजे पापड त्यांचे आणि वेबसाइटचा उपद्व्याप माझा. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, त्यामुळे घरात काही लिहायचं निघालं की ते आपसूक माझ्याकडे येतं. पुतण्याने कॉम्प्युटरवर पान तयार करून दिलं, मजकूर मी लिहिला. जाऊबाईंच्या तांदळाच्या पापडांचे फोटो, भाव, पार्सल किती दिवसांत पोचेल, पैसे कसे पाठवायचे, सगळं. दोन वर्षांत नागपूर, भिलाई, पुण्यापर्यंत पापड जायला लागले. गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन, तेव्हा इथली बाहेरगावी गेलेली माणसंही पुष्कळ. त्यांना घरची चव हवी असते.

ही हौसेची कमाई नव्हे बरं का. पुतणीच्या नर्सिंगच्या फीचा एक हप्ता या पापडांतून निघतो. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जो शहाणपणा केला, तो दुसऱ्याच्या पोटापाण्याशी खेळून केला, हे तुमच्या लक्षात यायला हवं.

झालं असं. पानावर लोक सारखं विचारायचे, "शेवया मिळतील का?" जाऊबाई शेवया करत नाहीत. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एक बाई फार सुरेख करतात, केसासारख्या बारीक. मी म्हटलं, रोज तेच उत्तर काय लिहीत बसायचं? पानाच्या तळाशी एक ओळ घालून टाकली: "शेवया आमच्याकडे होत नाहीत. हव्या असल्यास इथे विचारा." 'इथे' या शब्दाला बोट लावलं की त्या बाईंचा नंबर उघडायचा. याला 'लिंक' म्हणतात, हे आता तुम्हाला सांगायला नको. आपल्या दुकानातून दुसऱ्याच्या दुकानात उघडणारं दारच ते.

मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. काय मनाचा मोठेपणा! पण तो मोठेपणा कुणाच्या खिशातून होता?

पुण्याच्या एक बाई दर वर्षी पाच किलो पापड मागवायच्या. त्या वर्षी ऑर्डर आलीच नाही. जाऊबाईंनी आपणहून फोन केला. तर त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या पानावरून त्या शेवयावाल्या बाईंकडे गेले. त्या पापडही करतात म्हणाल्या, मग एकाच पार्सलमध्ये मागवून घेतलं." बिचाऱ्या अगदी सरळ मनाने बोलल्या. त्यांचं काय चुकलं?

फोन ठेवून जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "ते तू लिवलं का वं?"

मी मान डोलावली.

"मी कोनाचं वाईट नाही म्हनत. पन आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं दुसरीच्या दारात नेऊन सोडाचं, हे कोनतं शहानपन?"

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचाच आवाज तेवढा होता. पुतण्याकडून त्यांनी ती ओळ काढून घेतली. मीही मनातल्या मनात चिडलेच होते. कारण जाऊबाई स्वतः दारात आलेल्या बाईला काय सांगतात, ते मी डोळ्यांनी बघते. "शेवया का? त्या पलीकडच्या बाईकडे जा, बारीक करते ती." हे त्यांचं नेहमीचं. मग तोंडाने सांगितलेलं चालतं आणि पानावर लिहिलेलं चालत नाही, हे कसं?

तिसऱ्या दिवशी पापड लाटता लाटता मी धीर करून विचारलं. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "दारात आलेल्या बाईचं तोंड मले दिसते. तिले काय पाह्यजे, कितीक पाह्यजे, ते पाहून सांगनं होते. तुह्या त्या पानाले कोनाचं तोंड दिसते?"

मैत्रिणींनो, बी.ए. होऊन मला जे सुचलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात होतं. दारातली बाई पापड घेऊन झालेली असते, किंवा तिला पापड नकोच असतात. तिला शेवयांचा पत्ता देण्यात जाऊबाईंचं काही जात नाही. पानावरची ओळ मात्र रात्रंदिवस, येईल त्याला, पापड घ्यायला निघालेल्यालाही, तेच सांगत बसते.

मग काय, पत्ता देऊच नये का? या प्रश्नाने मला काही दिवस सोडलं नाही. कारण नुसतं 'नाही' म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणं हेही आपल्याकडच्या जुन्या व्यापाराला कधी धरून नव्हतं. कापडाच्या दुकानातली रीत आठवा. हवा तो रंग नसला तर दुकानदार काय म्हणतो? "बसा ताई, मागवून देतो." पोऱ्या शेजारच्या दुकानात धावतो आणि ठाण घेऊन येतो. हे पत्ता न देता गिऱ्हाईक राखणं झालं. यात दोन्ही दुकानदारांचं भलं होतं आणि आपलीही पायपीट वाचते. शेवयांच्या बाबतीत मीही आधी हेच सुचवलं, की आपण त्यांच्याकडून घ्याव्या आणि आपल्या पार्सलमध्ये घालाव्या. जाऊबाई म्हणाल्या, उद्या त्यात खडा निघाला तर नाव कुणाचं जाईल? खरंच आहे. कापडाचं ठाण गिऱ्हाईक उलगडून, दिव्याखाली धरून बघतं. खाण्याच्या जिनसाचं तसं नाही. ज्याच्या घरून ते निघालं, त्याच्याच नावाने ते जायला हवं.

आमच्याकडे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आहे, २०१३ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. अशा जंगलाच्या फाटकाशी राहण्याची सोय करणारी शहाणी माणसं आपल्या खोल्या भरल्या की पाहुण्याला रात्रीचं वाटेवर सोडत नाहीत. पुढच्या घराचं नाव सांगतात. पाहुणा लक्षात काय ठेवतो? खोली मिळाली नाही हे नव्हे, तर कुणी सोय लावून दिली हे.

हीच गोष्ट दूर अमेरिकेत सिनेमाचा विषय झाली होती. १९४७ सालचा 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' हा चित्रपट काही जणींनी पाहिला असेल. न्यूयॉर्कच्या मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात नाताळबाबा म्हणून बसवलेला म्हातारा मुलांच्या आयांना सरळ सांगतो, की हे खेळणं आमच्याकडे नाही, अमक्या दुकानात जा. अगदी गिंबल्स या कट्टर स्पर्धकाचंही नाव घेतो. दुकानातल्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळतं. पण आया येऊन आभार मानतात, की जे दुकान इतकं खरं बोलतं, तिथेच आम्ही आता येणार. गोष्ट सिनेमातली आहे, दुकानं मात्र खरी होती. गिंबल्स १९८७ साली बंद पडलं, मेसीज अजून आहे. याचा त्या नाताळबाबाशी काही संबंध नाही हं! पण एक बारकावा बघा. म्हातारा पत्ता देतो तो आपल्या दुकानात नसलेल्या, किंवा हवी तशी नसलेल्या वस्तूचा. मांडीवरच्या मुलाला हवं ते खेळणं मागच्या फळीवर असताना तो कुणाला बाहेर पाठवत नाही.

इथे मला माहेरच्या बोडीची आठवण झाली. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे तळी आणि बोड्या फार. जुन्या मालगुजारांच्या काळातल्या पुष्कळशा. पावसाळ्यात वरची बोडी भरली की जास्तीचं पाणी सांडव्यावरून खाली जातं आणि खालच्या बोडीत साठतं. वरच्या शेतकऱ्याला कधी वाटत नाही, की माझं पाणी गेलं. पण म्हणून कुणी आपली पाळ फोडून पाणी खाली सोडत नाही. मी पानावर जी ओळ घातली होती, ती सांडव्यावर नव्हती, पाळीवर होती. पापडाच्या भावाखाली, 'ऑर्डर द्या' लिहिलेल्या जागेच्या अगदी शेजारी!

आता थोडं या लिंकांच्या दुनियेबद्दल. आपल्याला वाटतं, दुसऱ्याची लिंक दिली की आपलं पान गूगलमध्ये खाली जाईल. तशी भीती बाळगायचं कारण नाही. उपयोगाचा पत्ता देणं हा गूगलच्या लेखी गुन्हा नव्हे. मात्र त्या पत्त्याला वजन असतं. १९९८ साली गूगल सुरू झालं, तेव्हा त्याची मुख्य युक्तीच ही होती, की एका पानाने दुसऱ्याची लिंक दिली तर ते दुसऱ्याच्या बाजूने पडलेलं एक मत समजायचं. आणि मत देणारं पान जितकं मानाचं, तितकं त्या मताचं वजन जास्त. आज पानं वरखाली लावताना आणखी पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण लिंक म्हणजे शब्द टाकणं, हा अर्थ राहिलाच आहे. म्हणून तर पैसे देऊन मिळवलेल्या लिंका, किंवा 'तू माझी लाव, मी तुझी लावते' अशा घाऊक देवाणघेवाणीच्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत. पैसे घेऊन लिंक दिली असेल तर तशी खूण करायला ते सांगतं.

आपल्या बायकांच्या भाषेत सांगायचं, तर हे स्थळ सुचवण्यासारखं आहे. आपण सुचवलेलं स्थळ वाईट निघालं तर मुलीची आई कुणाला बोल लावते? म्हणूनच आपण चार वेळा चौकशी करतो आणि मगच नाव घेतो. त्याबद्दल कुणी पैसे देऊ केले, तर आपल्या शब्दाला किंमत उरेल का?

माझी आणखी एक चूक राहिली, ती सांगितल्याशिवाय हे लेखन प्रामाणिक होणार नाही. त्या शेवयावाल्या बाईंचा नंबर मी त्यांना न विचारताच पानावर घातला होता! एका गृहिणीचा घरचा मोबाइल नंबर साऱ्या जगापुढे उघडा टाकणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मी माफी मागायला गेले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "ऑर्डरी आल्या तशे रात्री बेरात्री भलतेच फोनही आले." त्यांच्या यजमानांनी दोनदा विचारलं होतं, हा कोण म्हणून. उपकार करायला गेले आणि त्या बाईंच्या घरात वाद लावून आले. पापडांबद्दल त्यांना विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण विचारलं नाही. त्यांनाही घर चालवायचंच आहे. विचारलं कुणी तर सांगणारच ना, की पापड आहेत म्हणून?

तर या सगळ्या अनुभवातून जाऊबाईंनी आणि मी मिळून काही गोष्टी ठरवल्या. वेबसाइट असो, व्हॉट्सॲपचं दुकान असो, की दारावरची पाटी, तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक. जे आपल्याकडे होतच नाही, त्याचा पत्ता खुशाल द्यावा. माल संपला, हात दुखावला, घरात लग्न निघालं, अशा वेळी आपल्या जिनसाचाही पत्ता द्यावा. गिऱ्हाईक तसंही जाणारच असतं. ते आपल्या शब्दावर गेलं तर पुन्हा येण्याची वाट राहते.

दोन. माल तयार असताना, तोच जिन्नस विकणाऱ्या दुसरीचा पत्ता देण्याचं बंधन कुणावर नाही. न देण्यात कोतेपणा नाही. कोतेपणा आहे तो विचारल्यावर नाक मुरडण्यात. एक अपवाद मात्र आम्ही ठेवला आहे. आमच्या पापडात पापडखार आणि मीठ बेताचं असलं तरी असतंच. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, तर पापड गळ्यात मारायचे नाहीत. बिनमिठाचं काही करणारी कुणी ठाऊक असेल तर तिचं नाव सांगायचं.

तीन. पत्त्याची जागा विचार करून निवडावी. भाव आणि ऑर्डरीच्या जागेजवळ तो नसावा. 'आमच्याकडे काय मिळत नाही' असं वेगळं पान किंवा वेगळा मजकूर करावा. ज्याला पापड हवे आहेत तो तिथे जाणार नाही, ज्याला शेवया हव्यात तो शोधत जाईल.

चार. स्वतः चाखल्याशिवाय, त्या घरचं स्वयंपाकघर पाहिल्याशिवाय नाव घेऊ नये. खाण्याच्या जिनसांसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती तिच्याकडे आहे का, हेही विचारावं. यात संकोच कसला? आणि वर्षातून एकदा पुन्हा बघावं. पानावर लिहिलेलं आपण विसरतो, वाचणारा मात्र आजच वाचत असतो.

पाच. तिची परवानगी घ्यावी, आणि धंद्यासाठी वेगळा नंबर असेल तर तोच द्यावा.

सहा. परतफेडीची अट घालू नये, पैसे तर मुळीच घेऊ नयेत. तिने आपलं नाव घेतलं तर आनंद. नाही घेतलं तरी तिच्या शेवया बारीक आहेत त्या आहेतच.

सात, आणि हे माझ्यासारख्या उत्साही मंडळींसाठी. धंदा जिचा, निर्णय तिचा. दुसरीच्या ताटातलं वाढून आपण उदार होऊ नये.

तुम्ही विचाराल, हिशेब काय जमला? खरं सांगायचं तर माझी वही काही माझ्या बाजूने बोलत नाही. पुण्याचं पाच किलोंचं गिऱ्हाईक गेलं, ते अजून परत आलेलं नाही. उलट बाजूला एकच नोंद आहे. नागपूरच्या एका आजींनी शेवया तिकडून घेतल्या आणि महिन्याभराने कुरड्या आमच्याकडून मागवल्या. म्हणाल्या, ज्यांनी नाही ते नाही म्हणून सांगितलं, त्यांच्या कुरड्या जुन्या नसतील. एक गेलं, एक आलं. पण पाच किलो पापड आणि एक किलो कुरड्या यांची बरोबरी होत नाही. तेव्हा 'दुसऱ्याला वाट दाखवा, तुमची भरभराट होईल' असं तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगते, की नागपूरच्या आजींनी जो विश्वास दाखवला, तो फोटोंनी आणि भावांनी मिळाला नव्हता. आणि ज्या घरात महिन्याचा हप्ता पापडांवर अवलंबून आहे, तिथे हा विश्वास पाळ शाबूत ठेवूनच कमवायला हवा.

यंदा होळीनंतर जाऊबाईंनी स्वतःच मला बोलावलं. हाताला पीठ होतं, म्हणून मोबाइल मी धरला. म्हणाल्या, "लिव." आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: आमच्याकडे तांदळाचे पापड, कुरड्या आणि मूगवड्या मिळतात. शेवया मिळत नाहीत. मग खाली, वेगळ्या पानावर, त्या बाईंचं नाव आणि त्यांनीच दिलेला धंद्याचा नवा नंबर.

मी विचारलं, "ताई, नक्की ना? त्या पापडही विकतात."

त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे. मागल्या आठवड्यात आनून खाल्ले म्या." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "पापड आपलेच बरे आहेत. शेवया मात्र तिच्याच."

तेवढं म्हणून त्यांनी पुढची लाटी घेतली. पुतणीचा पुढचा हप्ता जूनमध्ये आहे, तोवर गच्ची रिकामी ठेवून चालायचं नाही.

तुमच्यापैकी कुणी शिवणकाम करत असेल, कुणी शिकवण्या घेत असेल, कुणाचं पार्लर असेल. आपल्या दारातून दुसरीच्या दाराचा पत्ता तुम्ही कधी दिलात का? दिलात तर काय झालं, आणि नाही दिलात तर का, ते मला जरूर कळवा. नफा झाला असेल तर सांगाच, पण तोटा झाला असेल तर आधी सांगा.